दोन तासांचा कोंडवाडा

मुकुंदवाडीच्या स्टेशनाकडून आत शिरलं की तिसऱ्या गल्लीत दोन खोल्यांचं एक केंद्र आहे. दारावर 'गरोदरपणातील मधुमेह आणि नवजात बालकांचे आरोग्य : संशोधन प्रकल्प' अशी लांबलचक पाटी आहे, पण ती कुणी वाचत नाही. बाया त्याला कोंडवाडा म्हणतात, आन तिथल्या केसरबाईला कोंडवाड्याची बाई.

नाव काही उगंच पडलं नाही. पोटुशी बाई रातच्या जेवणानंतर काही न खाता सकाळी येणार. दंडातून रक्त देणार. मग स्टीलच्या पेल्यात कालवलेलं ग्लुकोजचं पाणी, वर लिंबू पिळलेलं, नाक दाबून पिणार, आन पुढं दोन तास तिथंच बसणार. खायचं नाही, हिंडायचं नाही, ओकायचं तर अजिबात नाही. ओकलं की सगळं मातीत, पुन्हा दुसऱ्या दिवशी हेलपाटा. दोन तास भरले की पुन्हा रक्त. आईच्या अंगातली साखर किती चढती, किती उतरती आन पुढं लेकराचं काय होतं, याचा तिथं अभ्यास चालतो.

सुरवातीला दार उघडं असायचं. मग कुणाची सासू खिडकीतून केळं सरकवायची, कुणाची नणंद पदराखाली भज्याचा पुडा आणायची. शेवटी केसरबाईनं दाराला आतून कडी घातली आन कडीपाशी स्टूल टाकून स्वतःच बसली. दुसऱ्याच्या रानात घुसलेली गुरं कोंडावीत तशा सहा-सात बाया आत.

"केसरमावशी, मळमळायलंय मला."

"मग सासूची चहाडी कर. चहाडी सांगताना उलटी येत नाय. अकरा वर्षं बघती मी."

आन खरंच, तोंड सुरू झालं की पोरी घड्याळ विसरायच्या.

केसरबाई मूळची पाचोडकडची. वय पंचेचाळीसच्या आसपास, अंगानं सुकलेली, आवाज मात्र आठवडी बाजारात भाजी विकावी असा. रोज सकाळी साखरेची गोळी पाण्याबरोबर गिळून ती घराबाहेर पडायची. ही गोळी वाडीत कुणाला माहीत नव्हती. साखरेच्या कामाच्या बाईलाच साखर, म्हटल्यावर बायांनी काय काय म्हटलं असतं.

दुसरीही एक गोष्ट वाडीला माहीत नव्हती. एकोणीस वर्षांची असताना तिला पहिलं लेकरू झालं होतं. धान्याच्या काट्यावर जोखलं तर साडेचार किलो. गाव बघायला लोटलं. पैलवान जन्मला म्हणाले. पैलवान दुसऱ्या दिवशी थरथरला, गार घामानं भिजला, दूध ओढेना झाला आन दिवस मावळायच्या आत गेला. कुणी म्हटलं नजर लागली, कुणी म्हटलं सटवाईनं नेला. पुढं एक पोरगी झाली, ती जगली, आता वेरूळकडं नांदती.

त्या पैलवानाचं कोडं केसरबाईला इथं नोकरीला लागल्यावर शिकवणीत सुटलं. डॉक्टर तहरीम मॅडम शिकवत होत्या. बाई शहागंजातली, मराठी बोलता बोलता दखनीत घसरायची. म्हणाल्या, "देखो, आईच्या रक्तातून बाळाकडं साखरेचा पाट वाहतो. साखर जास्त, तर बाळाची गिरणी जास्त जोरात चालती, ती साखर दळायला. बाळ फुगतं. मग नाळ कापली. पाट बंद! पर गिरणी एकदम बंद होत नै. ती बाळाच्या अंगातलीच साखर दळून टाकती. बाळ थरथरतं, थंड पडतं. तासाभरात टाचेतून रक्ताचा थेंब घेतला तर कळतं. वेळेवर दूध नायतर सलाईन दिलं तर वाचतं."

बाकीच्या बाया लिहून घेत होत्या. केसरबाई उठली, माठातलं पाणी प्याली, परत येऊन बसली आन तिनंही लिहून घेतलं. नंतर एकटीला गाठून विचारलं, तर मॅडम म्हणाल्या, "असेल. आता सांगता येत नै, मावशी." तेवढंच. त्यानंतर केसरबाईचं एकही रक्त चुकलं नाही. एकच चुकलं, आन ते मोनिकाचं.

मोनिका म्हणजे वच्छलाबाईची सून. बावीस वर्षांची, बारावी झालेली, माहेरी आई नाही म्हणून पहिलं बाळंतपण सासरीच ठरलेलं. नवरा गोकुळ चिकलठाण्याच्या कंपनीत पाळीवर जायचा. सातवा लागला तसं वच्छलाबाई स्वतः सुनेला घेऊन आली. केसरबाईनं नेहमीचं विचारलं, "रातच्यापासून पोटात काही?"

मोनिका सासूकडं बघू लागली.

"काही नाय," वच्छलाबाई म्हणाली. "निघताना चिमूटभर साखर घातली तोंडात, तेवढीच. भरल्या पोटाची पोर रिकाम्या तोंडी उंबरा ओलांडू देऊ काय मी? आमच्यात तशी रीत नाय."

नियम असा होता, की काही खाल्लं असलं तर परत पाठवायचं. पण त्या महिन्यात वाडीतल्या पाच जणींचे उपास मोडले होते आन वरून विचारणा झाली होती, तुमच्याच बाया कशा खाऊन येतात म्हणून. आन वच्छलाबाई म्हणजे एकदा परत गेली की पुन्हा न येणारी. केसरबाईनं कागदावर 'उपाशी' लिहिलं आन मोनिकाला आत घेतलं.

आकडे आले. उपाशीपोटी एकशेएकवीस, दोन तासांनी एकशेअठ्ठ्याण्णव. उपाशीपोटी ब्याण्णवच्या वर गेलं की केंद्रात साखर धरतात. केसरबाई चिठ्ठी घेऊन घरी गेली.

"माझ्या सुनेला शुगर?" वच्छलाबाई उसळली. "आवं, ती म्हाताऱ्याकोताऱ्याची बिमारी. ह्या पोरीला कुठनं आली? माहेराहून आणली काय गं?"

पोटावर हात ठेवून मोनिका भिंतीला टेकली. आन केसरबाई बोलून गेली, "आवं बाई, ती साखरेची चिमूट होती ना, तिच्यानं आला आसंल आकडा. उद्या रिकाम्या पोटी आना, पुन्हा करू. घाबरू नका."

उद्या आणावं म्हणून ती बोलली. पण तेवढ्या एका वाक्यानं त्या घराचं दार बंद झालं.

दुसऱ्या दिवशी कुणी आलं नाही. केसरबाईनं तहरीम मॅडमला चिमटीचं खरं सांगितलं. मॅडमनी चष्मा काढला. "चिमूटभर साखरेनं इतका आकडा येतो क्या, मावशी? आन दोन तासांचा? तो तर आपण पाजलेल्या पेल्याचा. हिला साखर आहेच. लवकर आणा. खाणं बदलू, चालायला लावू, नै जमलं तर इन्सुलिन देऊ. आणाच."

मॅडमनी गोकुळला फोन लावला. गोकुळ म्हणाला, "मॅडम, तुमच्याच बाई म्हनल्या साखरेच्या चिमटीनं आलं म्हनून. मग आता हे काय? कामावर हाय मी." आन ठेवला.

मग केसरबाईच्या खेपा सुरू झाल्या. पहिल्या खेपेला वच्छलाबाईनं चहा केला, तीन चमचे साखर घालून. नाही म्हणावं तर काहून नाही ते सांगावं लागलं असतं. केसरबाई प्याली. समोर मोनिका तांब्यावर तांब्या पाणी पीत होती.

"लई तहान लागती, मावशी," ती हळूच म्हणाली.

"उन्हाळा हाय," चुलीकडून वच्छलाबाई बोलली. "मला बी लागती. तू लाडू खा."

वच्छलाबाई वाईट बाई नव्हती. सुनेला एक कळशी उचलू द्यायची नाही. तिची स्वतःची बाळंतपणं कोरड्या भाकरीवर आन ठेच्यावर गेली होती. डोहाळे लागले तेव्हा सासूनं गुळाचा खडा कुलुपात ठेवलेला. तेव्हाच तिनं ठरवलं होतं, आपली सून पोटुशी राहिली की तिच्या हातात गोडाचा डबा द्यायचा. तसा तिनं दिला. डिंकाचे लाडू, शिरा, दुधात शेवया. पोट वाढलं की ती गल्लीला दाखवायची, "बगा, लेकरू कसं भरलंय!"

केसरबाई निघाली तशी मोनिका दारापर्यंत आली. "मी एकटी कशी येऊ, मावशी? फोन ह्यांच्याकडं आन आत्या घडीभर नजर काढत नाय. तुमीच काय ते करा."

दुसऱ्या खेपेला केसरबाईनं जे सव्वीस वर्षं मॅडम सोडून कुणाला सांगितलं नव्हतं ते सांगितलं. उंबऱ्याच्या आत बसून, आवाज चढवू न देता. माझं लेकरू असंच भरलेलं होतं. काट्यावर साडेचार किलो. दुसऱ्या दिवशी थरथरलं आन गेलं. तवा कुनी रक्त बघितलं नाय. आता बघता येतं. मी चिमटीचं चुकून बोलले, वच्छलाबाई. माझी चूक झाली.

वच्छलाबाईनं सगळं ऐकून घेतलं. शेवटी उठली, सुनेच्या पुढं येऊन उभी राहिली.

"म्हंजी तुजं पहिलं लेकरू गेलेलं हाय," ती म्हणाली. "आन हे तू आत्ता सांगती? सातव्यात माझ्या सुनेच्या दंडाला हात लावलास, पोटावर टेप धरलीस, तवा काहून नाय सांगितलं?"

"बाई, मी काय म्हनते ते—"

"ऊठ. आधी ऊठ. लेकरू गेलेल्या बाईची सावली मी माझ्या सुनेवर पडू देनार नाय. पुन्हा ह्या दारात दिसलीस तर बग."

गल्लीतल्या दोघी-तिघी बघत होत्या. केसरबाईनं चपला पायात घातल्या आन निघाली. चालताना तिला एवढंच कळत होतं, की आपल्याकडं होतं नव्हतं ते आपण खर्चून बसलो. आता सांगायला काही उरलं नव्हतं, आन मोनिकाला आठवा सरत होता.

चार दिवसांनी गोकुळचा फोन आला, की आमचं नाव काढून टाका. नाव काढायचं तर त्याचा एक कागद असतो. मॅडमनी तो केसरबाईपुढं ठेवला.

"जबरदस्ती करता येत नै. अभ्यास आहे, तुरुंग नै. सही आणा."

"सही आनली की त्या घरात कुनी जायचं नाय?"

"अपने तरफ से नै. मी फोनवर सांगून बघितलं. मोठ्या दवाखान्यात न्या म्हटलं. पोरगा हां हां म्हणतो."

केसरबाईनं कागद पिशवीत टाकला. आठ दिवस तो पिशवीतच राहिला. सही आणली तर दार कायमचं बंद. नाही आणली तर नियम मोडला. आन आणायची तरी कशी, उंबऱ्यावर पाय ठेवायची चोरी. शेवटी कागदानंच दार उघडलं. गोकुळनं आईला सांगून ठेवलं होतं, की सही झाल्याशिवाय ते लोक पिच्छा सोडणार नाहीत.

"सही घे आन जा," वच्छलाबाई म्हणाली. केसरबाईला तिनं आत घेतलं नाही. उंबऱ्याच्या आत मोनिका, बाहेर केसरबाई आन मधी स्वतः वच्छलाबाई, कमरेवर हात ठेवून.

"आधी वाचून दाखवावं लागतं," केसरबाई म्हणाली. "नियम हाय."

"वाच मग. आटप."

कागद तीन ओळींचा. केसरबाईनं तो मोनिकाला दिसेल असा धरला आन वाचू लागली. पहिली ओळ वाचली. मी स्वखुशीने या अभ्यासातून बाहेर पडत आहे. दुसरी वाचली, तिसरी वाचली. तिसरीच्या खाली सहीची जागा आन खाली कोरा कागद. केसरबाई थांबली नाही.

"'मला समजले आहे की माझ्या रक्तात साखर वाढलेली आढळली. ती चिमूटभर साखरेमुळे नव्हती.'"

"काय म्हनली?" वच्छलाबाईनं मान वळवली.

"कागदात हाय, बाई. मी निसती वाचती." तिनं बोट कागदावर ठेवलं. "'बाळंतपण मोठ्या दवाखान्यात करण्याची जबाबदारी घरच्यांची राहील. दवाखान्याच्या दारात पाय ठेवताच मी सांगेन, की मला साखर आहे. बाळ जन्मल्याबरोबर अंगाशी घेईन आन अर्ध्या तासात दूध पाजीन. तासाच्या आत त्याच्या टाचेतून रक्त घ्यायला लावीन. बाळ थरथरलं, गार पडलं, दूध ओढेना झालं, तर कुणाचीही वाट बघणार नाही.'"

"लईच लांबडा कागद हाय," वच्छलाबाई कुरकुरली. तिला अक्षर येत नव्हतं.

मोनिकाला येत होतं. तिची नजर तिसऱ्या ओळीपाशी कधीच थांबली होती. खालच्या कोऱ्या जागेवर केसरबाईचं बोट हळूहळू पुढं सरकत होतं. मोनिकानं एकदा बोटाकडं बघितलं, एकदा केसरबाईच्या तोंडाकडं.

"मावशी," ती म्हणाली, "शेवटचं पुन्हा वाचा. नीट कळलं नाय."

केसरबाईनं कोऱ्या जागेवरून सगळं पुन्हा वाचलं, शब्दाला शब्द. दुसऱ्या वेळी मोनिकाचे ओठ बरोबर हलत होते. मग तिनं सही केली.

केंद्रावर येऊन केसरबाईनं कागद टेबलावर ठेवला आन काय केलं ते सांगून टाकलं. या कामात कागद खोटा वाचण्याइतका मोठा गुन्हा नाही. नोकरी तर जातेच, पण एकदा वाडीत कळलं की कुठल्याही सुनेची सही पुन्हा मिळत नाही. मॅडम म्हणाल्या, "ये बात तुम मेरेको बोले नै. आन कुणालाच बोलायची नै, मावशी. कधीच." आन कागद फायलीत लावला.

पुढचं केसरबाईला कोंडवाड्यातच कळलं, चहाड्यांमधून. मोनिकाला कळा सुरू झाल्या, तर वच्छलाबाई गल्लीतल्या दवाखान्यात न नेता रिक्षा करून थेट मोठ्या दवाखान्यात घेऊन गेली. गोकुळ म्हणाला, तिकडं कशाला? तर म्हणाली, "सही केलीय बाबा. उद्या काही झालं तर कागद काढतील." दारात पाय ठेवल्याबरोबर मोनिकानं सांगितलं, मला साखर आहे. सासू बघतच राहिली. लेकरू आडलं, सीझर झालं. चार किलो तीनशे. टाचेचं रक्त घ्या, टाचेचं रक्त घ्या, असं ही पोरगी टाक्याच्या अंगानं नर्सच्या मागं लागली. घेतलं, तर साखर सत्तावीस, जिथं चाळीसच्या वर हवी. लेकरू थरथरायला लागलं होतं. काचेच्या पेटीत ठेवलं, सलाईनीतून साखर दिली. तिसऱ्या दिवशी ते आईजवळ आलं आन दूध ओढायला लागलं.

सांगणारीला वाटलं, केसरमावशी काहीतरी बोलतील. केसरबाई म्हणाली, "झाले तुझे दोन तास. दंड पुढं कर."

बारसं झालं. नाव सत्यम ठेवलं. केसरबाईला बोलावणं नव्हतं. पण वच्छलाबाईनं बारशात जे भाषण ठोकलं ते वाडीभर झालं. "डॉक्टरच म्हनला, लेकराला साखर कमी पडली होती. मी तर सुरवातीपासून म्हनत होते! ह्या कोंडवाड्यावाल्यांचं ऐकून साखर बंद केली आसती तर लेकरू हाती लागलं नसतं. सलाईनीतून साखर चढवली तवा वाचलं. आता बोला!"

वाडीतल्या सासवांना हे लगेच पटलं. चिमूट गेली आन खडीसाखरेचा खडा आला, लिंबाएवढा. तपासणीला निघालेल्या प्रत्येक पोरीच्या हातावर सासू खडा ठेवू लागली.

केसरबाईला उत्तर ठाऊक होतं. साखरेचा पाट, गिरणी, सगळं. पण सांगायचं तर मोनिकाचं नाव घ्यावं लागणार, मोनिकाला ते कुणी शिकवलं ते निघणार, आन मग तो कागद. म्हणून ती गल्लीतून जायची, वच्छलाबाईचा विजय कानावर घ्यायची आन पुढं चालू लागायची.

मग केंद्राच्या पायरीवर मुंग्या लागल्या. रोज. पायरीच्या कडेला, पाटीखाली, काळ्या रांगा. केसरबाईनं हळद टाकली, पाणी ओतलं, तरी दुसऱ्या दिवशी तेच. तिनं ओळखलं, पोरी दारापर्यंत चघळत येतात आन उरलेलं टाकतात. एका सकाळी सातच्या सात जणींना तिनं पायरीवरूनच परत पाठवलं. "कुनी खोटं बोलायचं नाय. उद्या या." पोरी खाली माना घालून गेल्या. रिकाम्या खोलीत केसरबाई दोन तास स्टुलावर बसून राहिली.

बाळंतपणाला सहा आठवडे झाले की आईची साखर पुन्हा बघावी लागते. मोनिकाचं नाव अभ्यासात नव्हतं, तरी ती आली. संगं वच्छलाबाई, तिच्या हातात दुपट्यात गुंडाळलेला गुटगुटीत सत्यम. वच्छलाबाई केसरबाईशी बोलली नाही, पायरीपासून चार हात लांब कडुलिंबाखाली जाऊन बसली. सून मोठ्या दवाखान्याच्या कागदानं आली होती, म्हणून तीही आली होती.

"रातच्यापासून पोटात काही?" केसरबाईनं विचारलं.

"काही नाय."

"खडा?"

मोनिकानं सासूकडं पाठ केली आन मूठ उघडली. हात चिकट झाला होता. खडा अख्खाच होता, कडा तेवढ्या घामानं विरघळलेल्या.

"आत्या बघत असत्यात तवर तोंडाकडं हात न्यायचा," ती हळू आवाजात म्हणाली. "मग मुठीत धरायचा. आन इथं टाकायचा." तिनं खडा पायरीच्या कडेला ठेवला, जपून, आधीच्या मुंग्यांच्या रांगेत. "सगळ्या जणी तसंच करतात, मावशी. मीच शिकवलं, पान्याला जमतो तवा. त्या दिवशी तुमी सात जणींना परत लावलं. साती उपाशी होत्या."

केसरबाईनं पायरीकडं बघितलं. पाटीखाली सात-आठ ठिकाणी पांढरे ठिपके होते, काही पुरते विरघळलेले, काही अजून मुंग्यांनी झाकलेले. झाडाखालून वच्छलाबाई ओरडली, "काय बोलत बसल्या गं? लेकराला भूक लागंल!"

"लागली तर आना, कडी काढते," केसरबाई म्हणाली. कागदाच्या त्या दिवसानंतर वच्छलाबाईशी ती पहिल्यांदा बोलली.

मोनिका आत गेली. बाकीच्या बाया आधीच बसल्या होत्या. केसरबाईनं दार लावलं, कडी घातली आन घड्याळ बघितलं.